हाताशी असलेलं बटण

कामाच्या ताणावरचं विज्ञान एका चुकीच्या प्रयोगामुळे बरीच वर्षं उलट्या वाटेनं गेलं. १९५८ साली अमेरिकेतल्या जोसेफ ब्रॅडी यांनी माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार जोड्या, खुर्च्यांत अडकवलेल्या. विजेचे झटके बसायचे ते दोघांना एकदमच. दर वीस सेकंदांच्या आत एक दांडी दाबली तर दोघांचाही झटका टळायचा, पण चालणारी दांडी एकाच माकडाकडे असायची. सहा तास पाळी, सहा तास सुट्टी, पुन्हा पाळी. दांडीवाली माकडं पोटात व्रण होऊन मेली आणि त्यांच्या जोडीदारांना काहीच झालं नाही. दांडीवाल्यांना नाव पडलं ‘अधिकारी माकडं’. जबाबदारी डोक्यावर असलेल्या साहेबालाच खरा ताण असतो, या लोकप्रिय समजुतीला त्यामुळे जणू प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला.

त्यात एक गोम होती. दांडी कुणाकडे द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. आधीच्या चाचणीत जी माकडं भराभर दांडी दाबत होती, तीच ‘अधिकारी’ नेमली गेली. म्हणजे जी मुळातच जास्त धास्तावणारी असावीत, तीच. मग व्रण दांडीमुळे झाले की स्वभावामुळे, हे सांगणार कसं?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जे वाइस या संशोधकांनी हाच प्रश्न उंदरांवर नीट तपासला. एका उंदरापुढे चाक होतं, ते फिरवलं की झटका थांबायचा. दुसऱ्यापुढेही चाक होतं, पण ते कशालाच जोडलेलं नव्हतं. त्याचे झटके पहिल्याच्या हुशारीवर अवलंबून. विजेचा हिशेब दोघांचा तंतोतंत सारखा. तरीही व्रण जास्त झाले ते दुसऱ्याला, ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याला. (माणसातल्या पोटाच्या व्रणाचं खापर आपण बरीच वर्षं ताणावर फोडलं. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा मोठा गुन्हेगार शोधला, तो निघाला एक जिवाणू. २००५ चं नोबेल त्यासाठीच. ताण त्यातून पुरता निर्दोष सुटला असं मात्र नाही.)

उंदीर ठीक, पण माणसांचं काय? लंडनच्या व्हाइटहॉल भागातल्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सुमारे १८,००० पुरुष, शिपायापासून सचिवापर्यंत. यातला कुणीही बेकार नव्हता की कुणाला खाण्याची भ्रांत नव्हती. अपेक्षा अशी की वरच्या खुर्चीवर हृदयविकार जास्त. निघालं अगदी उलटं. हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट होतं, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर ते पायरीपायरीनं वाढत होतं. खालच्या श्रेणीत विडी-सिगारेट जास्त होती हे खरं, पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही निम्म्याहून अधिक फरक उरतच होता.

मायकेल मार्मट यांनी १९८५ मध्ये दुसरी फेरी सुरू केली. यात १०,३०८ कर्मचारी होते, स्त्रियाही होत्या, आणि आता प्रश्न कामाबद्दल विचारले गेले. काम कसं करायचं हे तुम्ही ठरवता का? विश्रांती कधी घ्यायची? कुणाबरोबर काम करायचं? ज्यांची उत्तरं ‘नाही’कडे झुकत होती, त्यांच्यात पुढच्या वर्षांत हृदयविकार जास्त आढळला.

ताबा नसल्याचा शरीराशी काय संबंध? धोका दिसला की मेंदूतून इशारा जातो, काही सेकंदांत ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि छाती धडधडते. त्यामागून काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक येतं. ते रक्तातली साखर वाढवतं आणि पचनासारखी लगेच न लागणारी कामं मागे ढकलतं. संकट टळलं की सगळं पूर्ववत. ही व्यवस्था उत्तम आहे, फक्त ती संपणाऱ्या संकटासाठी बनली आहे. ‘साहेब आज काय बोलतील’ हे संकट कधी संपतं ते कुणीच सांगू शकत नाही. आपण काही करून ते संपवू शकत नाही, म्हणून शरीरही इशारा मागे घेत नाही. या अव्याहत तयारीनं शरीराची जी झीज होते, तिच्यासाठी ब्रूस मॅकीवन यांनी १९९३ मध्ये एक संकल्पना मांडली. तिला मराठीत ‘जुळवून घेण्याचा बोजा’ म्हणता येईल. व्हाइटहॉलच्याच कर्मचाऱ्यांत एक गंमतशीर गोष्ट दिसली. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कॉर्टिसॉल चढतंच, पण कामाच्या दिवशी ते सुट्टीच्या दिवसापेक्षा जास्त चढतं. अंथरुणातून उठण्याआधीच शरीर ऑफिसला पोचलेलं असतं.

१९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी हे एका साध्या मांडणीत बसवलं. एका बाजूला कामाचा रेटा, दुसऱ्या बाजूला त्यावरचा ताबा. रेटा भरपूर आणि ताबाही भरपूर, तर माणूस दमतो पण शिकतो, वाढतो. रेटा भरपूर आणि ताबा शून्य, तिथे माणूस पिळून निघतो. २०१२ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांतल्या १,९७,४७३ लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा अशा पिळवटणाऱ्या कामात हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांनी जास्त दिसला. धूम्रपानाच्या मानानं ही वाढ लहान आहे, हेही सांगायला हवं. ताणाच्या नावानं बागुलबुवा उभा करण्यात अर्थ नाही.

या सगळ्यात माझा सर्वांत आवडता प्रयोग बटणाचा. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना असह्य, अवेळी होणाऱ्या गोंगाटात बसवलं. काहींना सांगितलं, अगदीच नको झालं तर हे बटण दाबा, आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे गोंगाट सगळ्यांनी सारखाच सोसला. नंतर मुद्रितशोधन करायला दिलं तेव्हा बटण असलेल्यांनी जास्त चुका पकडल्या, आणि न सुटणारी कोडीही ते चिकाटीनं सोडवत राहिले. बटण वापरावं लागलं नाही. ते हाताशी आहे एवढं पुरलं.

अशी छोटी बटणं आपली आपल्यालाही बसवता येतात. अर्धवट राहिलेलं काम घरी डोक्यात भुणभुणत राहतं, हा सगळ्यांचा अनुभव. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की काम पूर्ण करायची गरज नाही. ते कधी, कुठे, कसं करणार एवढा ठोस बेत केला तरी भुणभुण कमी होते. मी संध्याकाळी उठण्याआधी दोन ओळी लिहून ठेवते: उद्या पहिल्यांदा काय, आणि कुठून सुरू. दोन ओळींपुढे गेलं की ते नवंच काम होऊन बसतं.

पण झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, आवडीच्या गोष्टीही बेचव लागत असतील, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर असल्या युक्त्यांवर विसंबू नये, डॉक्टरांना गाठावं. कामानं आलेल्या पार थकव्याला, म्हणजे बर्नआउटला, जागतिक आरोग्य संघटना आजार म्हणत नाही, नोकरीशी निगडित स्थिती म्हणते. नैराश्य मात्र आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत.

कंपन्यांना मात्र सगळी बटणं कर्मचाऱ्याच्या डोक्यातच बसवायची घाई असते. ध्यानाचं ॲप, खंबीरपणाचं प्रशिक्षण, ताणमुक्तीचं शिबिर. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती विल्यम फ्लेमिंग यांनी तपासली, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा उपक्रमांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा सुखी दिसले नाहीत. अपवाद एकच, स्वयंसेवेची संधी. ही एका वेळची पाहणी आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी मला त्यात नवल वाटत नाही. झटके तेवढेच ठेवून उंदराला श्वसनाचे व्यायाम शिकवण्यासारखं आहे हे. त्याच ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागानं मालकांसाठी तपासण्याच्या सहा गोष्टी ठरवल्या आहेत: कामाचा बोजा, ताबा, आधार, आपसातले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे हाताळले जातात. यातली एकही कर्मचाऱ्याच्या डोक्यात नाही, सगळ्या कामाच्या रचनेत आहेत.

कामाच्या लवचीक वेळांवरच्या अभ्यासांचा एक आढावा २०१० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं प्रसिद्ध केला. आपली पाळी आपण ठरवायची मुभा जिथे होती, तिथे झोप, रक्तदाब आणि मन यांत सुधारणा दिसली. मालकाच्या सोयीनं आलेल्या लवचीकपणात, उदाहरणार्थ गळ्यात पडलेल्या अर्धवेळ नोकरीत, ती दिसली नाही. तुमच्या ऑफिसनं लवचीक वेळा जाहीर केल्या असतील, तर त्या कोण लवचीक करतं ते आधी विचारून घ्या.