खेळातले वादक आणि अक्षरांची स्वरलिपी

नव्वदच्या दशकात शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेल्यांपैकी अनेकांनी ‘प्ले’ हा आदेश देऊन पाहिला असेल. अवतरणचिन्हांत सी, डी, ई अशी अक्षरे टाईप करायची, एंटर दाबायचे, की संगणकाच्या डब्यातला स्पीकर पिपाणीसारखा वाजायचा. ऑनलाइन खेळांत खेळाडूंनी स्वतः संगीत रचायला सुरुवात केली ती याच युक्तीच्या जोरावर. आवाज पाठवायला इंटरनेटचा वेग लागतो. सुरांची नावे मात्र चार ओळींत मावतात.

या अक्षरलेखनाच्या एका घराण्याला म्युझिक मॅक्रो लँग्वेज, थोडक्यात एमएमएल म्हणतात. १९८०च्या दशकात जपानमधल्या घरगुती संगणकांवर ते रुजले. २००४ साली कोरियात आलेल्या ‘माबिनोगी’ या खेळाने ते थेट खेळाडूंच्या हाती दिले. तिथे संगीतरचना हे तलवारबाजीसारखेच कमवायचे कौशल्य आहे. दर्जा वाढेल तशी लांब रचना लिहिता येते. त्याच्या वर्षभर आधीच्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्येही वादकाचा पेशा होता, पण गाणी कंपनीने दिलेली. म्हणून मला ‘माबिनोगी’चे पाऊल फार मोठे वाटते.

दुसरे घराणे एबीसी लिपीचे. ख्रिस वॉलशॉ यांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नव्हती तेव्हा ते लोकधुनांचे तुकडे अक्षरांत टिपून ठेवत. त्या सवयीतूनच १९९३च्या सुमारास या लिपीचे सॉफ्टवेअर तयार झाले. भातखंड्यांच्या लिपीतून बंदिश वाचणाऱ्या आपल्या माणसाला हे परके वाटू नये: अक्षर म्हणजे स्वर, बाजूची खूण म्हणजे सप्तक किंवा मात्रा.

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेच्या टर्बाइन कंपनीचा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ आला आणि त्याने पुढे हीच लिपी स्वीकारली. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये धून लिहायची, ती आपल्याच संगणकावरच्या ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये ठेवायची आणि खेळात एक आदेश द्यायचा. आपले पात्र ल्यूट, हार्प किंवा बासरी वाजवू लागते आणि जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांना ते ऐकू येते.

खरी अडचण साथसंगतीची होती. पाच वादक पाच शहरांत बसलेले. प्रत्येकाचे कनेक्शन वेगळे, म्हणजे प्रत्येकाची सम वेगळी. त्यावरचा उपाय मला अजूनही सुंदर वाटतो. प्रत्येकाने आपला भाग आधीच उघडून तयार ठेवायचा आणि एकाने ‘सुरू’चा आदेश द्यायचा, की सगळे एकदम सुटतात. त्यातून खेळात वाद्यवृंद उभे राहिले. खेळाच्या लँड्रोव्हल नावाच्या सर्व्हरवर, त्यातल्या वेदरटॉप या टेकडीवर, २००९पासून खेळाडूंनीच भरवलेला ‘वेदरस्टॉक’ हा वार्षिक संगीतमहोत्सव सुरू झाला.

या वाद्यवृंदांनी प्रसिद्ध गाणी उतरवून भरपूर वाजवली, आणि तिथे स्वामित्वहक्काचा प्रश्न येतोच. अक्षरे कोणी टाईप केली एवढ्यावरून धून त्याची होत नाही. पण त्याच मैफलींत स्वतःच्या चाली वाजवणारेही होते, आणि मला त्यांची काळजी वाटते. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला तेव्हा त्याच्या वादकांना वाजवायला जागाच उरली नाही. एबीसीत लिहिणाऱ्याची चाल मात्र त्याच्याच संगणकात राहते, आणि ती लिपी वाचणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.