अंगाच्या हालचालीवरून निर्णयाची पद्धत ओळखायची, ही कल्पना आली कुठून

देहबोली म्हटलं की हाताची घडी घातली म्हणजे माणूस आखडला, नाकाला हात लावला म्हणजे खोटं बोलतोय, असलंच काहीतरी आठवतं. पण हालचालींवरून माणूस निर्णय कसा घेतो हे बघायची जी पद्धत आहे, मूव्हमेंट पॅटर्न अ‍ॅनालिसिस, तिचं या प्रकाराशी काही नातं नाही. ती मानसशास्त्राच्या लॅबमधून आलेलीच नाही, ती आलीय नाचातून आणि कारखान्यातून, आणि मला तरी वाटतं की हे माहीत नसेल तर ती पद्धत नीट कळतच नाही.

कारखान्याचं आधी सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक टेलर स्टॉपवॉच घेऊन कामं मोजत होता, फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे नवराबायको कामगारांच्या हाताला बारीक दिवे लावून हालचालीचे फोटो काढत होते. सगळ्यांचा शोध एकच, काम करायची सगळ्यात चांगली एक पद्धत. म्हणजे काम करणारा माणूस कोण आहे याला फार किंमत नव्हती.

रुडॉल्फ लाबान याच्या उलट टोकाचा. १८७९ चा जन्म, आत्ताच्या ब्रातिस्लाव्हामधला, नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक, नाच कागदावर लिहून ठेवायची लिपी त्याने १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. नाझी काळात सुरुवातीला तो जर्मनीत सरकारी व्यवस्थेत काम करत होता, हे लपवण्यात अर्थ नाही, पण १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी बसवलेला त्याचा मोठा कार्यक्रम रंगीत तालमीनंतर नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने बंद पाडला आणि पुढे तो देश सोडून पॅरिसमार्गे इंग्लंडला आला. तिथे युद्धाच्या काळात त्याची गाठ पडली एफ. सी. लॉरेन्स या मँचेस्टरच्या मॅनेजमेंट कन्सल्टंटशी. पुरुष लढायला गेलेले, जड कामं बायकांवर आलेली, आणि लाबानने ताकद वाढवा असं न सांगता झोका कसा घ्यायचा, वजन कुठे सोडायचं, मध्येच अंग सैल कसं करायचं हे शिकवायला घेतलं. वजन, वेळ, अवकाश आणि ओघ या चार गोष्टींशी माणूस कसा वागतो त्यावरून त्याची हालचाल ओळखायची, हा पाया १९४७ मध्ये दोघांनी मिळून पुस्तकात मांडला. टेलरच्या पद्धतीत हरवलेला माणूस इथे परत आला, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे.

याच सुमाराला नौदलातून सुटलेला वॉरन लॅम लाबानकडे शिकायला आला आणि कारखान्यात कामगारांच्या हालचाली टिपायला लागला, पुढे मॅनेजर लोकांच्याही. त्याला दिसलं ते असं: हातवारे म्हणजे शरीराच्या एकाच भागाची हालचाल, ते शिकून घेता येतात, बदलता येतात, पण बोलताबोलता एखाद्या क्षणी हाताची हालचाल सगळ्या अंगात उतरते, एकाच गुणाने, तुटक न होता, तो क्षण ठरवून आणता येत नाही. असे क्षण मोजत गेलं की त्या माणसाचा कायमचा साचा दिसतो, असं त्याचं म्हणणं. १९६५ मध्ये त्याने याच विषयावर पुस्तक लिहिलं, मूव्हमेंट पॅटर्न अ‍ॅनालिसिस ती हीच पद्धत, तिचं नाव आधी अ‍ॅक्शन प्रोफाइल होतं.

निर्णयाशी जोड अशी लागते. लॅमने निर्णयाचे तीन टप्पे धरले: लक्ष घालणं, मनाशी पक्कं करणं आणि कृतीला हात घालणं. प्रत्येक टप्प्याला दोन बाजू, एक जोर लावण्याची आणि एक आवाका बघण्याची. म्हणजे लक्ष घालताना कोणी एकच गोष्ट खोदत बसतो तर कोणी आजूबाजूचे पर्याय चाळतो, पक्कं करताना कोणी ठाम उभा राहतो तर कोणी काय जास्त महत्त्वाचं याची तुलना करतो, आणि शेवटी कोणी नेमकी वेळ साधतो तर कोणी पुढे काय होईल याचा अंदाज बांधतो. यात चांगला-वाईट असं काही नाही, कोण कुठल्या टप्प्यावर जास्त शक्ती घालतो एवढंच बघायचं, म्हणून ही पद्धत मोठ्या हुद्द्यावरच्या लोकांच्या टीम बसवताना वापरली गेली.

पुरावा मात्र अजून थोडा आहे. २०१३ मध्ये १२ लष्करी अधिकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुलाखतीच्या व्हिडिओवरून काढलेलं प्रोफाइल आणि लॅबमधल्या निर्णयाच्या कामातलं वागणं ताडून बघितलं होतं. १२ माणसं म्हणजे सुरुवातच. याच्या बरोबर उलटा, घाईचा प्रकार २०१५ मध्ये समोर आला, पेंटागॉनसाठी, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी, २००८ मध्ये तयार झालेल्या अहवालात पुतिन यांच्या हालचालींच्या व्हिडिओवरून थेट अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम (ऑटिझमचा एक प्रकार) असल्याचं म्हटलं होतं, आणि मेंदूच्या स्कॅनशिवाय ते पक्कं करता येणार नाही हेही त्यातच लिहिलं होतं. लॅमची पद्धत आजाराचं निदान करायला बनलेली नव्हती, माणूस कामाला कसा भिडतो एवढंच तिला विचारायचं होतं.