रिपनची पांढरी शाळा: एका पक्षाच्या जन्मामागची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रिपन गावी एक लहानशी पांढरी लाकडी शाळा आहे. एकच वर्ग, १८५३ मधलं बांधकाम. रिपब्लिकन पक्षाचं जन्मस्थान म्हणून आज ती संग्रहालयाच्या रूपात जपली आहे. खोली बघायला वेळ लागत नाही, पण त्या काळी देशात काय पेटलं होतं हे ठाऊक असेल तरच ती कळते.

१८२० च्या मिसूरी तडजोडीने लुइझियाना प्रांतात (फ्रान्सकडून विकत घेतलेल्या विस्तीर्ण प्रदेशात), मिसूरी वगळता, ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती. १८५४ च्या सुरुवातीला सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्का विधेयक आणलं. गुलामगिरी हवी की नको, ते या बंदीच्या मुलखातल्या कॅन्सस आणि नेब्रास्काच्या वसाहतवाल्यांनी ठरवावं, असं त्यात होतं. म्हणजे चौतीस वर्षांची बंदी मोडीत निघणार होती.

विस्कॉन्सिन तेव्हा आधीच संतापलेलं होतं. मिसूरीतल्या गुलामगिरीतून निसटलेला जोशुआ ग्लोव्हर रसीनजवळ कामाला होता. मार्च १८५४ मध्ये मालकाने माणसं आणून त्याला पकडलं, मारहाण केली आणि मिलवॉकीच्या तुरुंगात डांबलं. ११ मार्चला जमावाने लाकडी वाशाने तुरुंगाचं दार फोडून त्याला सोडवलं. पुढे तो कॅनडात सुखरूप पोहोचला. कायदा मालकाच्या बाजूने होता आणि तरीही सामान्य माणसं दार फोडायला पुढे झाली, हे मला या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

रिपनमध्ये वकील अल्व्हन बोव्हे यांनी २८ फेब्रुवारीला चर्चमध्ये पहिली सभा घेतली होती. विधेयक मंजूर झालं तर जुने पक्ष सोडून नवा काढायचा, असं तिथे ठरलं. मार्चच्या सुरुवातीला सिनेटने ते मंजूर केलं आणि २० मार्चच्या रात्री लोक या शाळेत जमले. पाच जणांची समिती नेमली गेली: तीन व्हिग (तेव्हाच्या एका मोठ्या पक्षाचे), एक फ्री सॉइलर (नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको म्हणणाऱ्या पक्षाचा), एक डेमोक्रॅट. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध मतं मागणारी ही माणसं त्या रात्री एका बाजूला आली. रिपब्लिकन हे नाव बोव्हे यांनी न्यूयॉर्कचे संपादक होरेस ग्रीली यांना सुचवलं होतं.

सहा वर्षांत लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. मग यादवी युद्ध आणि १८६५ मध्ये गुलामगिरीचा घटनात्मक अंत. या लढ्याचे पडसाद पुण्यापर्यंत आले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं.

जन्मस्थानाचा मान मिशिगनमधलं जॅक्सनही सांगतं. ६ जुलै १८५४ ला तिथे राज्यभरातल्या लोकांचं अधिवेशन भरलं आणि पक्षाच्या नावाने उमेदवार ठरले. तो दावा खोटा नाही: जॅक्सनला संघटना उभी राहिली, रिपनला निश्चय झाला. रिपनची इमारत मात्र मूळ जागी नाही, ती अनेकदा हलवली गेली आहे. १९७४ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.