वाळूत रोवलेला पाइप किती ओढ सोसतो?

किनाऱ्यावरून मासे गरवणाऱ्याला दोन हात कधीच पुरत नाहीत. एका हातात आमिष, दुसऱ्यात गळ, मग साडेतीन-चार मीटरचा रॉड ठेवायचा कुठे? वाळूवर आडवा टाकला तर रिळात वाळू शिरते आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, फुटत्या लाटांत सापडतो. म्हणून बरेच जण घरीच स्टँड करतात. पीव्हीसीचा पाइप कापायचा, खालच्या टोकाला तिरका छेद द्यायचा, मध्ये एक बोल्ट आडवा घालायचा, पाइप वाळूत रोवायचा आणि बोल्टवर टेकेल अशी रॉडची मूठ आत सोडायची. काम अर्ध्या तासाचं.

माझा पहिला स्टँडही असाच होता. ओहोटीच्या वेळी मी तो ओल्या, घट्ट वाळूत रोवला. वाळू इतकी कडक होती की वीतभर गेल्यावर पाइप पुढे सरकेना. हलवून पाहिला, जागचा हलला नाही. म्हटलं, पुरे एवढं. तासाभरात भरतीचं पाणी पाइपापर्यंत आलं. प्रत्येक लाट परत जाताना पाइपाभोवतीची थोडी वाळू घेऊन जात होती आणि तिथे बशीसारखा गोल खळगा तयार होत होता. पाच-सहा लाटांनंतर पाइप आवाज न करता समुद्राकडे कलला आणि रॉड पाण्यात आडवा झाला. मासा लागलेलाही नव्हता. धावत जाऊन रॉड पकडला म्हणून वाचला. पाइपावर साधा ओरखडाही नव्हता. जे काही हरलं होतं ते वाळूत हरलं होतं, आणि तेव्हापासून स्टँड करताना मी पाइपाच्या आधी वाळूचा विचार करतो.

कोरड्या वाळूच्या कणांना एकमेकांशी चिकटायला काहीच नसतं. त्यांची सगळी ताकद घर्षणाची. वरच्या वाळूच्या वजनाने खालचे कण एकमेकांवर दाबले जातात, आणि जितका दाब जास्त तितकं त्यांना सरकवणं अवघड. पृष्ठभागाजवळ हा दाब जवळजवळ शून्य असतो, म्हणून वरची चार बोटं वाळू पाइपाला फारसा आधार देतच नाही. खाली जावं तसा आधार वाढत जातो. बाजूने ढकलल्यावर माती किती विरोध करते याचा हिशेब अभियंते विल्यम रँकिन यांनी १८५७ मध्ये मांडला. जमिनीत रोवलेला खांब बाजूच्या ओढीने केव्हा उलथेल, याचं सोपं सूत्र अभियंते बेंग्ट ब्रॉम्स यांनी १९६४ मध्ये दिलं. ते इमारतींच्या आणि पुलांच्या खांबांसाठी होतं, पण आपला पाइपही एक छोटा खांबच आहे.

या सूत्रात पाइपाची जाडी, म्हणजे बाहेरचा व्यास, एकदाच गुणली जाते. जाडी दुप्पट केली की पकड दुप्पट. खोली मात्र तीनदा गुणली जाते, कारण खोलीबरोबर वाळूचा दाब वाढतो, दाब घेणारी पाइपाची लांबी वाढते आणि त्या दाबाला मिळणारी तरफही लांब होते. साठ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेला पाइप, कोरडी वाळू आणि वाळूपासून साधारण तीन मीटर उंचीवर लागणारी ओढ धरून मी आकडे काढले. पाइप ३० सेंटिमीटर रोवला तर सव्वा किलोच्या आसपास ओढीला तो उलथतो. ५० सेंटिमीटरला हा आकडा पाच किलोवर जातो, ६० ला नऊ किलोजवळ आणि ७० ला तेरा किलोच्या पुढे. म्हणजे खोली दुप्पट केल्यावर पकड सात पटींहून जास्त वाढली. प्रत्यक्षातली वाळू हिशेबातल्यासारखी एकसारखी नसते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचेच. पण त्यांतलं प्रमाण खरं आहे, आणि माझा वीतभर रोवलेला पाइप का पडला हे त्यातून लगेच कळतं.

तीन मीटरच का? कारण तंगूस रॉडच्या शेंड्याला ओढतो आणि रॉड ही लांबलचक तरफ आहे. शेंड्यावरची एक किलोची ओढ वाळूजवळ पाइपाला किती जोराने वाकवते ते स्वतः अनुभवायचं असेल, तर रॉडची मूठ नुसत्या मनगटाने धरून कुणालातरी शेंडा ओढायला सांगा. रॉड वाकला की शेंडा खाली येतो आणि तरफ थोडी आखूड होते, एवढाच त्यात दिलासा.

आता ओल्या वाळूचं कोडं. माझा पाइप रोवताना वाळू दगडासारखी वाटली आणि तासाभराने तीच वाळू ढिली पडली. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. ओल्या किनाऱ्यावर चालताना पाय टेकला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी दिसते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचं कारण सांगितलं. घट्ट बसलेल्या कणांवर दाब आला की ते एकमेकांवर चढू लागतात आणि त्यांच्यामधली पोकळी मोठी होते. त्या वाढलेल्या पोकळीत वरचं पाणी शोषलं जातं, म्हणून पृष्ठभाग कोरडा दिसतो. पाणी आत पोचेपर्यंत कणांमध्ये ओढ निर्माण होते, ती कणांना एकत्र आवळते आणि वाळू तेवढ्यापुरती फार मजबूत बनते. पण तेवढ्यापुरतीच. पाणी आत भरलं की आवळलेपण जातं. म्हणून झटक्याने ढकललेला पाइप अडतो आणि सावकाश, सतत ओढला तर तोच पाइप सरकतो. ओली वाळू हाताला जो कडकपणा दाखवते त्यावर विसंबू नये, हे मी तिथे शिकलो.

रोवण्याची पद्धतही यातूनच ठरते. हातोडीने ठोकू नका. झटका जितका जोराचा, तितकी ओली वाळू जास्त घट्ट होते आणि पाइपाचा काठ फुटतो तो वेगळाच. पाइप दोन्ही हातांनी धरून शरीराचं वजन त्यावर टाकायचं आणि त्याला सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवत खाली न्यायचं. पाण्याला हलायला वेळ मिळतो आणि पाइप हळूहळू बसत जातो. पुढेमागे हलवणं मात्र टाळायचं. त्याने भोक समुद्राच्या दिशेने लांबट होतं, म्हणजे ज्या बाजूला आधार हवा नेमकी तीच बाजू आपण मोकळी करून ठेवतो. हव्या त्या खोलीवर पाइप पोचला की भोवतीची वाळू पायाने दाबून घ्यायची. पाइपाला समुद्रापासून किंचित मागे झुकवलेलं मला आवडतं. तंबूची मेख आपण तंबूपासून दूर झुकवतो, तसंच.

जागा निवडताना किनाऱ्याचे तीन पट्टे मनात ठेवावे. वरची भुरभुरीत कोरडी वाळू सैल असते, तिथे वरचा थर बाजूला करून खालच्या दमट वाळूपर्यंत जावं लागतं. ही दमट वाळू सगळ्यात चांगली. कणांच्या सांध्यांत पाण्याचे बारीक थेंब अडकतात आणि पृष्ठताणामुळे कणांना धरून ठेवतात. वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच जोरावर, आणि त्यासाठी अगदी थोडं पाणी पुरतं. त्याच्याही खाली, लाटा येऊन जातात तिथे, वाळूतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. तिथे थेंबांची पकड उरत नाही आणि पाण्याच्या उत्प्लावनामुळे कणांचं परिणामी वजनही घटतं. पाच किलो सोसणारा पाइप अशा वाळूत तीन किलोच्या आसपास हार मानतो. त्यात खळगा पडतो. पाण्याचा प्रवाह खांबाला अडला की खांबाच्या पायाशी भोवरा तयार होतो आणि वाळू उकरतो. सतत वाहत्या पाण्यात असा खळगा खांबाच्या जाडीच्या सुमारे सव्वापट खोल जातो. साठ मिलिमीटरच्या पाइपाला सात-आठ सेंटिमीटर. ऐकायला हे थोडं वाटतं, पण ५० सेंटिमीटरमधून तेवढी खोली गेली की एक तृतीयांशाहून जास्त पकड जाते. भरतीच्या वेळी म्हणून स्टँड वेळोवेळी उपटून मागे न्यावाच लागतो. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. पाणी चढतं आहे की उतरतं आहे हे रोवण्यापूर्वीच माहीत असलं पाहिजे.

पाइप घेताना सांडपाण्याचा पातळ पाइप नको, दाबाच्या पाण्यासाठी असतो तो जाड भिंतीचा घ्या. आतला व्यास मुठीपेक्षा थोडा मोठा, पण मूठ खडखडणार नाही इतकाच. लांबी अशी ठरवा: वाळूत ६० ते ७० सेंटिमीटर, त्यावर वीतभर मोकळा भाग, आणि मूठ बसायला ४० सेंटिमीटर. एकूण सव्वा मीटरच्या आसपास होतं. खालचा छेद ४५ अंशांचा पुरे. फार लांब, टोकदार कापला तर पाइप सहज आत जातो, पण त्या निमुळत्या भागाची रुंदी कमी असल्याने त्याला वाळूचा पूर्ण आधार मिळत नाही. तो भाग खोलीच्या हिशेबात धरू नका. वरचा काठ कानशीने गोल करून घ्या, नाहीतर रॉडच्या मुठीवर चरे पडतात.

बोल्टबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण इथे चूक सहज होते. रॉडची मूठ टेकवायला घातलेला बोल्ट वाळूच्या थोडा वर येतो. पाइपाला सगळ्यात जास्त वाकवणारा जोरही साधारण याच पातळीवर असतो. ओढ लागली की पाइपाची किनाऱ्याकडची बाजू ताणली जाते आणि समुद्राकडची दाबली जाते. या दोन बाजूंना भोकं असतील तर ताणल्या जाणाऱ्या भोकाच्या कडेपासून पाइप चिरतो. डाव्या-उजव्या बाजूंना मात्र ना ताण असतो ना दाब. भोकं तिथे यायला हवीत. म्हणजे रोवताना बोल्ट किनाऱ्याला समांतर ठेवायचा. एवढी एक काळजी घेतली तर त्याच पाइपाचं आयुष्य कितीतरी वाढतं. बोल्ट गंज न लागणाऱ्या पोलादाचा असावा. स्पिनिंग रिळासाठी (रॉडच्या खाली लटकतं ते) वरच्या काठाला खाच पाडली की रिळाचा पाय त्यात बसतो आणि रॉड फिरत नाही. पाइप भट्टीत किंवा ज्योतीवर तापवून तोंड फाकवायचा मोह टाळा. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो.

स्टँड उंच असला की तंगूस फुटत्या लाटांच्या वरून जातो. याचं महत्त्व वाटतं त्याहून बरंच जास्त आहे. ०.४ मिलिमीटर जाडीच्या तंगुसाचा ५० मीटर भाग सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आडव्या वाहत्या पाण्यात असला, तर पाणीच त्याला सुमारे अडीचशे ते तीनशे ग्रॅमच्या जोराने ओढतं. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते, आणि आमिष तळाशी धरून ठेवणारं शिशाचं वजन जागेवरून सुटून किनाऱ्याकडे वाहत येतं. स्टँड अर्धा मीटर उंच करण्याची किंमत फार नाही. ७० सेंटिमीटर रोवलेल्या पाइपाची पकड त्याने फक्त आठव्या भागाने घटते.

एवढं सगळं करूनही वाळूची पकड आणि रिळाचा ड्रॅग यांचा मेळ बसायला हवा. ड्रॅग म्हणजे ठरावीक ओढीनंतर रीळ घसरू देणारी व्यवस्था. ओल्या वाळूत पाइप तीन किलोला उलथणार असेल आणि ड्रॅग चार किलोला सुटणार असेल, तर मासा आधी रॉड घेऊन जाईल. मी स्टँडवर ठेवलेल्या रॉडचा ड्रॅग एक किलोच्या आसपास ठेवतो आणि रॉड हातात आला की वाढवतो. तो रिळाजवळ न मोजता शेंड्यातून बाहेर आलेल्या तंगुसाला ताणकाटा लावून मोजा, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांतलं घर्षण त्यात मिळतं. शिवाय मासा बराच तंगूस घेऊन गेला की रिळावरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो आणि ड्रॅग आपोआप घट्ट होत जातो. व्यास निम्मा झाला की ओढ दुप्पट.

ढगांचा गडगडाट ऐकू आला तर रॉड आडवे करून किनारा सोडा. कार्बनचे रॉड वीज वाहून नेतात, आणि मोकळ्या किनाऱ्यावर त्यांच्याइतकं उंच दुसरं काही नसतं.

परत निघताना पाइप सरळ वर खेचला तर तो हलत नाही. रोवताना ज्या कारणाने वाळू घट्ट झाली होती, त्याच कारणाने ती आता सोडत नाही. तोंडाशी थोडं पाणी ओता, पाइप दोन-चार वेळा सावकाश फिरवा, आणि मग उचला. आतली वाळू तिथेच झटका आणि राहिलेलं भोक पायाने बुजवा. अंधारात कुणाचा पाय त्यात जायला नको.