ट्रेलरचा घोडा घेताय? माल भरून घाट चढता की उतरता, ते आधी सांगा

गोव्यातल्या तिस्क-उसगावच्या आमच्या गॅरेजमध्ये नवा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) घ्यायच्या विचारात असलेले मालक-ड्रायव्हर येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अ‍ॅव्हरेज कुठली गाडी जास्त देते?" आम्ही उलट विचारतो, "माल भरून घाट चढता की उतरता?" आम्ही गाड्या विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळे कुठल्या कंपनीची तळी उचलायचे आम्हाला कारण नाही.

अर्ध्या किलोमीटरची किंमत

महिन्याला 6,000 किलोमीटर धावणारी गाडी लिटरला 3 किलोमीटर देत असेल, तर तिला 2,000 लिटर डिझेल लागते. तीच 3.5 देऊ लागली तर 1,714 लिटर. वाचले 286 लिटर. आजच्या पंपावरच्या दराने गुणा आणि तो आकडा हप्त्याशेजारी मांडून बघा.

वजन, घाट आणि हाऊसिंग

2018 साली अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली. नेहमीच्या तीन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला फोर बाय टू (मागे ओढणारा एकच अ‍ॅक्सल) घोडा लावला तर एकूण पासिंग, म्हणजे मालासकट परवानगीचे वजन, 45.5 टन, सिक्स बाय फोर (मागे ओढणारे दोन अ‍ॅक्सल) लावला तर 55 टन. मॉडेलच्या आकड्यातच बरेच कळते: 5530 म्हणजे 55 टन आणि साधारण 300 अश्वशक्ती.

मुरगाव बंदरातून भरून मोलेमार्गे अनमोड घाट चढणाऱ्याने सिक्स बाय फोरच घ्यावा असे आमचे मत. पावसात वळणावर भरलेल्या फोर बाय टूची चाके जागच्या जागी फिरू लागली की टायर आणि डिझेल दोन्ही जळतात. पण तुम्ही कर्नाटकातून माल भरून वेर्ण्याला उतरत असाल आणि परत जाताना गाडी बहुतेक रिकामी असेल, तर सिक्स बाय फोरच्या जादा हाऊसिंगचे (ओढणाऱ्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचे घर) वजन आणि घर्षण त्या रिकाम्या फेरीतही तुमच्याच खिशातून ओढले जाते. शेजाऱ्याने 55 टनी घेतली म्हणून आपणही घेतली, अशा दोन-तीन गाड्या दरवर्षी आमच्या दारात उभ्या असतात.

हाऊसिंगचा रेशो, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो, ते तर कोणी विचारतच नाही. आकडा मोठा तर ओढ जास्त, पण सपाटीवर इंजिन उगाच फिरत राहते. खाणींवर टिपर चालवलेल्यांची इथे हमखास फसगत होते. तिथे ओढ लागायची, महामार्गावर हिशेब वेगळा. ट्रायल घेताना टॉप गिअरमध्ये 60 च्या वेगाला इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा हिरव्या पट्ट्यात राहतो का, ते डोळ्यांनी बघा. त्याच्या वर जात असेल आणि तुमचा धंदा पत्रादेवी ते पोळे असा राष्ट्रीय महामार्ग 66 वरचा असेल, तर दुसऱ्या रेशोची गाडी मागा.

केबिनवरच्या वारा कापणाऱ्या टोपीवर सेल्समन फार वेळ बोलतो. अमेरिकेत ट्रक ताशी 100 किलोमीटरच्या वर पळतात, तिथे वाऱ्याचा अडथळा मोठा. आपल्याकडे वेगमर्यादक 80 वर आणि प्रत्यक्षात गाडी 50-60 वर. टोपी गाडीसोबत येत असेल तर घ्या, पण जादा पैसे मोजायचेच असतील तर ते ट्यूबलेस रेडियल टायरवर मोजा.

जुनी घेत असाल तर

एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचा नियम) आहेत, म्हणजे अशा घोड्याला डिझेलशिवाय धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावणही लागते. अ‍ॅव्हरेज काढताना तो खर्च धरा. "युरिया बंद करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. ते बेकायदा आहे, आणि तशी गाडी पूर्ववत करायला किती खर्च येतो ते आमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. बंदराच्या गेटवर रांगेत इंजिन चालू ठेवून तासन् तास एसीत बसलात, तर ते डिझेलही त्याच हिशेबात येते.

आणि एक. घाट उतरताना न्यूट्रल मारून डिझेल वाचते, हा समज सोडा. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलेटर सोडला की आजचे इंजिन डिझेल घेणेच थांबवते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यापुरते पितच असते. शिवाय ब्रेक तापतात आणि पुढे दरी असते.

येताना काय आणाल

मागच्या तीन महिन्यांच्या डिझेलच्या पावत्या, फेऱ्यांची वही आणि भरलेल्या-रिकाम्या वजनाच्या काट्याच्या चिठ्ठ्या. टाकी फुल करून पुन्हा फुल होईपर्यंतचे किलोमीटर लिहिलेले असतील तर अर्धे काम झालेच. पावसाळ्यात घाटात अवजड गाड्यांना बंदी आली की फेरा पडतो, तेव्हाच्या फेऱ्या वेगळ्या लिहा. जुनी गाडी दाखवायची असेल तर इंजिन थंड असताना आणा, सकाळी आठच्या आधी. चतुर्थीचे पाच दिवस गॅरेज बंद.