हातचा न येणारा गुणाकार

सुट्टीला बेळगावात आलेल्या भाचीला गुंतवायला म्हणून तिच्या चौकटीच्या वहीत १,११,१११ गुणिले १,११,१११ लिहून दिलं. सहा ओळी झाल्या, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडं सरकलेली, जिकडं तिकडं नुसते एकडे. बेरजेला बसली आणि थोड्या वेळानं ओरडली, "मामा, हातचाच येईना की!"

उत्तर आलं १२,३४,५६,५४,३२१. म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. इथल्या पोरांच्या तोंडी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा. तिनं बोट ठेवत ओंदु, एरडु, मूरु करत आरुपर्यंत चढून परत खाली उतरून दाखवलं.

गंमत आहे ती त्या हातच्यातच. अगदी उजवीकडच्या उभ्या रांगेत एकच एकडा असतो, शेजारच्या रांगेत दोन, मग तीन. सहाव्या रांगेत सहाही ओळी एकमेकींखाली येतात. पुढं वरची ओळ संपते, मग तिच्या खालची, आणि बेरीज एकेकानं उतरते. कुठंच नऊच्या वर जात नाही, म्हणून कुठलाच आकडा शेजाऱ्याला धक्का देत नाही. आकड्यांची बेरीज करा, ३६ येते, म्हणजे सहा सक.

ही संख्या नवी नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितीनं 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात हिचं वर्णन आहे: 'एकादिषडन्तानि क्रमेण हीनानि', एकापासून सहापर्यंत आणि मग क्रमानं कमी. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची. हे गणित तिच्याहून साडेतीनशे वर्षांनी तरी जुनं.

आता ती संख्या फोडून बघू. १,११,१११ म्हणजे १११ गुणिले १००१, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. हा १००१ भलता कामाचा. बेळगावच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे, ५९०, दोनदा लिहा: ५,९०,५९०. तिला ७ नं भागा, आलेल्याला ११ नं, मग १३ नं. बाकी न राहता परत ५९० हातात. उरलेले १११ म्हणजे ३ × ३७. तेव्हा आपल्या मोठ्या संख्येत ३, ७, ११, १३, ३७ या पाच मूळ संख्या प्रत्येकी दोनदा आहेत. प्रत्येक मूळ संख्या शून्य, एक किंवा दोन वेळा घेता येते, म्हणून तिचे विभाजक ३ × ३ × ३ × ३ × ३, म्हणजे २४३.

भाचीला वाटलं, एकडे वाढवत गेलं की चढत्या-उतरत्या आकड्यांची माळही लांबत जाणार. नऊ एकड्यांपर्यंत खरंच लांबते: १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकडे घेतले की मधल्या रांगेत दहा जमतात. शून्य मांडून हातचा एक शेजारच्या नवाला दिला, तर त्याचेही दहा झाले. तोही शून्य ठेवून आठाला एक देतो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब. वहीतली चौकट न् चौकट तिनं दोनदा तपासली.