आरोग्य-संशोधनातील अभ्यास-आराखडे

रोगाचे कारण शोधताना किंवा उपचाराचा गुण पडताळताना कोणाची तुलना कोणाशी करायची, गट कसे पाडायचे आणि माहिती केव्हा गोळा करायची, याची आधीच ठरवलेली योजना म्हणजे अभ्यास-आराखडा. संख्याशास्त्राची पाळी त्यानंतर येते. मूळ तुलनाच चुकीची असेल, तर पुढे कितीही काटेकोर आकडेमोड केली तरी ती दुरुस्त होत नाही.

निरीक्षणात्मक अभ्यासात संशोधक हस्तक्षेप करत नाही. जे घडते ते नोंदवतो. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. ही एका वेळची पाहणी होती. आजार किती पसरला आहे हे अशा पाहणीतून कळते, पण तो कशामुळे झाला हे सहसा कळत नाही. कारणाच्या शोधासाठी रुग्ण-नियंत्रण (केस-कंट्रोल) अभ्यास करतात. मुंबईत संघवी, राव व खानोलकर यांनी १९५५ मध्ये तोंड-घशाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर व्यक्ती यांच्या तंबाखूच्या सवयींची तुलना केली, ती याच प्रकारची. हा अभ्यास लवकर व स्वस्तात होतो. मात्र आजारी माणूस आपल्या जुन्या सवयी निरोग्यापेक्षा जास्त बारकाईने आठवतो, आणि तिथे निष्कर्ष कलण्याची भीती असते. कोहॉर्ट अभ्यासात आधी निरोगी माणसे निवडून वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतात.

यादृच्छिक नियंत्रित चाचणीत कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दैवावर सोपवतात. त्यामुळे वय, गरिबी, शिक्षण, शिवाय संशोधकाच्या ध्यानीमनीही नसलेले फरक, दोन्ही बाजूंना साधारण सारखे विभागले जातात. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी हे याचे ठळक उदाहरण आहे. तीत ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या, पण वाटणी एकेका स्त्रीची न करता गावांच्या ५२ समूहांची केली. एकाच गावात शेजारणी-शेजारणींना वेगळी वागणूक देणे अवघडच. याची किंमत संख्याशास्त्रात मोजावी लागते: एका समूहातील स्त्रिया एकमेकींसारख्या असल्याने नमुना दिसतो तेवढा मोठा उरत नाही. चार गटांपैकी एकाची एचपीव्ही या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूसाठी, दुसऱ्याची पेशींची आणि तिसऱ्याची अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी (व्हीआयए) तपासणी झाली. चौथा नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेला.

एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी २७,१९२ जणीच प्रत्यक्ष तपासणीला आल्या. तरी हिशेब सर्वांचा धरला, आणि तेच बरोबर होते. आपणहून येणाऱ्या स्त्रिया न येणाऱ्यांपेक्षा मुळातच वेगळ्या असतात. त्यांनाच मोजले असते तर यादृच्छिक वाटणीचा फायदा वाया गेला असता.

आठ वर्षांत या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर ३१,४८८ स्त्रियांच्या नियंत्रण गटात ६४. धोक्याचे गुणोत्तर ०.५२ आले, म्हणजे धोका जवळजवळ निम्मा. मथळ्याला हे छान शोभते. पण हजारी हिशेब मांडला तर मृत्यू सुमारे दोनावरून एकावर आले, म्हणजे आठ वर्षांत हजार स्त्रियांमागे अंदाजे एक मृत्यू टळला. पहिली घट सापेक्ष, दुसरी निरपेक्ष. दोन्ही खऱ्या आहेत, पण खर्चाचा विचार करणाऱ्याला दुसरीवाचून चालत नाही.

०.५२ हा अंदाज आहे. त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.३३ ते ०.८३ होता, म्हणजे खरी घट ६७ टक्क्यांइतकी मोठी किंवा १७ टक्क्यांइतकी लहानही असू शकेल. अंतरालात १ (म्हणजे दोन्ही गटांत धोका सारखाच) येत नाही, म्हणून फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय ठरतो. पी-मूल्य हेच दुसऱ्या बाजूने सांगते: तपासणीचा काहीच परिणाम नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. ‘उपचार निरुपयोगी असण्याची शक्यता’ असा त्याचा अर्थ लावणे चूक असले, तरी तो सर्रास लावला जातो.

उरलेल्या दोन तपासण्यांनी मृत्यूंत लक्षणीय घट दाखवली नाही. यावरून व्हीआयए कुचकामी ठरते का? मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील २० समूहांवरच्या चाचणीत प्राथमिक आरोग्य सेविकांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली आणि मृत्युदर ३१ टक्क्यांनी कमी आढळला. उस्मानाबादेत फेरी एकच होती.

दोन्ही चाचण्यांवर नैतिकतेच्या अंगाने टीका झाली, कारण नियंत्रण गटातील स्त्रियांची तपासणी केली गेली नव्हती. भारतात तेव्हा अशी नियमित तपासणी मुळात उपलब्धच नव्हती, हे संशोधकांचे उत्तर टीकाकारांना पटले नाही.